बूड आणि बुद्धी

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे आणि मित्रांनो, मला तुमच्या अभ्यासाची शिसारी आली आहे.

सुताराने मला नुसते बसायला घडवले होते. या घरच्या वडिलांनी माझी ‘अभ्यासाची खुर्ची’ केली. थोरली मुलगी इंजिनिअर झाली आणि श्रेय मला मिळाले. पाहुणे आले की वडील माझी पाठ थोपटत, “सगळी बैठकीची कमाल!” थोरली घरभर येरझारा घालत भिंतींना धडे समजावून सांगायची, हे कुणाच्या लक्षातच नव्हते. मी बहुतेक वेळ रिकामी होते.

मग धाकटी विज्ञानात नापास झाली. फेरपरीक्षाही हुकली तर वर्ष वाया. वडिलांनी तिला माझ्यात रोवले. “बूड हललं तर बघ!”

बूड हलले नाही. डोकेही नाही. ती तोच धडा पुन्हा पुन्हा वाचायची, ओळखीचा वाटला की मान डोलवायची. पुस्तक मिटले की पाटी कोरी. वडील दारातून डोकावत आणि समाधानाने चहा पीत.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना माझा वेत फाटला. धाकटी थेट आत रुतली.

“खुर्चीची वाट लावलीस!” वडील कडाडले. मला स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत टाकले. बैठक मोडलेली धाकटी तिथेच, घरात राहणाऱ्या आत्याभोवती घुटमळू लागली.

“नुसती उभी काय राहतेस? रक्त अंगात फिरतं कसं, ते सांग,” भांडी विसळत आत्या म्हणाली.

“हृदय पंप करतं.”

“ते मलाही ठाऊक आहे. पुढे?”

“पुढे... अगं, कालच वाचलंय!”

“वाचलंस गं बाई. राहिलं कुठे?”

धाकटी चिडली, धावत जाऊन पुस्तक पाहून आली, ते मिटून पुन्हा सांगू लागली. पुन्हा अडली. रडलीसुद्धा. आत्या ढिम्म. दोन दिवस मध्ये जाऊ देऊन तिने तोच प्रश्न टाकला. मग एके सकाळी आत्याने तोंड उघडण्याआधीच धाकटीने तिला अख्खे रक्ताभिसरण सुनावले.

बाकीचे धडेही तिने असेच सांगून काढले आणि ती पास झाली. वडिलांनी मला नवा वेत बसवला, पॉलिश केले आणि पाहुण्यांसमोर थोपटले. “हिचा गुणच तसा!”

आता शेजारी मला उसनी मागताहेत. त्यांची मुलगी गणितात गटांगळ्या खाते आहे.

मित्रांनो, माझी खरेच काळजी असेल तर पॉलिश नको. पुस्तक मिटा, उठा आणि कुणाला तरी सांगून बघा. अडलात तरच उघडा. तुम्ही ऐकणार नाही, म्हणून मीच ठरवले आहे. शेजारी गेल्या गेल्या फाटायचे.