खंडेनवमीचा पिवळा रंग

मितेशने काउंटरवर तीन व्हॉल्व्ह मांडले. "हरिहरकाका, कोणता देऊ? हा स्वस्तातला, हा मधला, हा भारी."

मी तिन्ही उचलून त्यांच्या टोपीखाली बघितलं. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक असतं. क्रेनची उचललेली बूम, म्हणजे तिचा लांब हात, जागच्या जागी धरून ठेवायचं काम या व्हॉल्व्हचं. तो आतून गळायला लागला की त्या भोकातून तेल झिरपतं, म्हणजे माणसाला आधीच कळतं. तीस वर्षं क्रेन दुरुस्त करतोय, हे मला कोणी शिकवायला नको.

मी भारीतला घेतला. "याला रंग लावू नका हां काका, भोक बुजतं," मितेश सहज म्हणाला. असा राग आला की त्याच्या कानाखाली वाजवावी. खरं तर माझ्याच वाजवायला हवी होती.

खंडेनवमीला आम्ही क्रेन धुऊन, रंगवून, झेंडूच्या माळा घालून पूजतो. रंग मीच मारतो. दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. गेल्या वर्षी तर मी व्हॉल्व्हसुद्धा सोडला नाही. माल बांधणारा मारुती, माझा वीस वर्षांचा दोस्त, ओरडला, "हरिहर, नवरीसारखी सजवलीस रे!" मी फुगलो.

पाच महिन्यांनी कळव्याच्या साइटवर मारुती टांगलेल्या गर्डरखाली फळी सरकवायला वाकला आणि बूम खाली बसली. व्हॉल्व्ह मीच उघडला. आत सील फाटलेलं, भोकावर माझा रंग. मी तो कोणाला दाखवला नाही. कंपनीच्या रिपोर्टात आलं, मयताचा निष्काळजीपणा. खाली सही माझी. भेकड माणूस मी, दुसरं काय!

चौकशीत सहा महिने उभी असलेली क्रेन आता पुन्हा सुरू करायची होती. नवा व्हॉल्व्ह पिशवीत होता, पण पाय तिकडे वळेनात. मी कोपर स्टेशनजवळ मारुतीच्या घरी गेलो.

विनितावहिनींनी दार उघडलं. भिंतीवर मारुतीचा फोटो होता, त्याच पूजेच्या दिवशीचा. मागे पिवळीधमक क्रेन. काचेवर धूळ, हार नाही.

"वहिनी, मारुतीची चूक नव्हती. माझी होती." मी नवा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात दिला, भोक दाखवलं, सगळं सांगितलं. सहीचंही. शेवटी मला रडू आवरेना.

वहिनी त्या भोकावरून बोट फिरवत राहिल्या.

"सहा महिने मी या माणसावर चिडलेय, भावोजी," त्या म्हणाल्या. "लेकीला सांगितलं, तुझा बाप बेफिकीर होता, आपला विचारपण नाही केला त्याने. एकदाही हार घातला नाही मी."

त्यांनी फोटो उतरवला, पदराने पुसला.

"कंपनीत सांगतो वहिनी. आजच."

"कंपनीचं नंतर. संचिता चारला येते कॉलेजातून. आधी तिला सांगा, तुमच्या तोंडाने."

मी खाली बसलो. घड्याळात सव्वातीन झाले होते.