आईचा नंबर सांग

बाबांनी एकतीस वर्षं दारूचं दुकान चालवलं आणि स्वतः थेंबालाही शिवले नाहीत. काउंटरवर एखादा कोवळा चेहरा आला की ते ओळखपत्र मागत नसत. "ओळखपत्र काय, थोरल्या भावाचंही आणतात," म्हणायचे. ते फक्त एवढंच म्हणत, "आईचा नंबर सांग."

ज्यांचं वय पुरं झालेलं असे, ते हसून सांगत. बाकीचे पसार होत. नंबर मिळाला की बाबा खरोखरच फोन लावत. एकदा चाळिशीच्या एका गृहस्थांच्या आईने "त्याला मुळीच देऊ नका" असं बजावलं, तर बाबांनी दिली नाही.

त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. मी ग्रंथालयातली, तिथे कुणाला नाही म्हणायची वेळ सहसा येत नाही. दुकानाचा परवाना माझ्या नावावर व्हायला वस्तीच्या समितीचं पत्र हवं होतं. महिनाअखेरपर्यंत ते मिळालं नाही, तर दुकानाला कुलूप.

मुलांच्या हाती दारू पडू नये म्हणून ही समिती निघाली होती. अध्यक्ष शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि चिटणीस समोरच्या सलूनचे मालक. पत्र देण्याआधी समिती दुकानाची परीक्षा घेणार होती, म्हणजे गुपचूप एखादं अल्पवयीन मूल पाठवणार होती. परीक्षेचा तक्ता ठरवायला सात बैठका झाल्या होत्या, पण पाठवायला मूल मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "आमचं लेकरू त्या रस्त्यानेसुद्धा जात नाही हो." शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी आपल्याच सतरा वर्षांच्या मुलीला पाठवलं. हे सगळं मला नंतर कळलं.

ती दुपारी चारला आली. "एक बाटली द्या."

"कसली?"

तिने फळीकडे पाहिलं. "मध्यम."

ओळखपत्र मागायचं, हे मी आठवडाभर घोकलं होतं. तोंडातून निघालं, "आईचा नंबर सांग."

खोटं बोलायचं नाही, अशी समितीची तिला ताकीद होती. तिने पाढे म्हणावेत तसा नंबर म्हणून दाखवला. मी बाबांच्या मोबाइलवरून लावला. समोरच्या सलूनमध्ये घंटी वाजली आणि पाठोपाठ किंकाळी ऐकू आली.

मुख्याध्यापिका धावत रस्ता ओलांडून आल्या. कुणाला संशय येऊ नये म्हणून त्या गिऱ्हाईक बनून बसल्या होत्या. गळ्यातलं पांढरं कापड तसंच लोंबत होतं. मोबाइल त्यांनी विंचू धरावा तसा लांब धरला होता. मागून चिटणीस, एका हातात तक्ता, दुसऱ्या हातात कंगवा.

"कोण करतंय हा फोन?"

"मी."

"पण नाव तुझ्या बाबांचं येतंय गं!"

पडद्यावर अक्षरं होती : दुकानवाले काका, लगेच उचल.

"बाई," चिटणीस म्हणाले, "तुमच्याकडे दारूच्या दुकानाचा नंबर?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. "तू घरी जा."

"मला खरं बोल म्हणालीस ना? मग आता तू बोल."

बाई स्टुलावर बसल्या. "तीन वर्षं झाली. हिचा दादा तेव्हा सोळाचा. तुझ्या बाबांचा फोन आला. म्हणाले, 'ताई, मुलगा माझ्याकडे बसलाय. ओरडू नका, घेऊन जा.' मी आले तर दोघं शब्दकोडं सोडवत होते. दुसऱ्या दिवशी मी समिती काढली." त्यांनी गळ्यातलं कापड सोडलं. "त्यांनी कुणाला सांगितलं नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले. बाबा शब्दकोडी अर्धवट सोडून माझ्यासाठी ठेवायचे. एखादं कधी पुरं सोडवलेलं दिसे, तेव्हा मी भांडायचे.

चिटणीसांनी घसा साफ केला. "ते सगळं ठीक आहे. पण पहिला रकाना. ओळखपत्र मागितलं का? नाही."

"अहो, तिने बाटली दिली नाही ना!"

"तो दुसरा रकाना. पहिल्यात 'नाही' आलं की दुकान नापास. पाचव्या बैठकीत तुम्हीच घातलाय हा नियम."

नियम बाईंचाच होता. मी फळ्यांकडे पाहत राहिले. एवढ्या बाटल्या कुठे हलवायच्या, कुणाला विचारायचं, काहीच सुचेना.

"पण मी अजून गेलेय कुठे?" मुलगी म्हणाली. ती काउंटरला रेलून उभीच होती. "मला बाटली हवीच आहे. मध्यम."

मी सरळ उभी राहिले. "ओळखपत्र दाखव."

"नाहीये."

"मग मिळणार नाही."

"क्रम चुकला," चिटणीस म्हणाले.

बाईंना त्यांचा शाळेतला आवाज परत सापडला. "प्रश्न कोणत्याही क्रमाने सोडवले तरी चालतात. वीस वर्षं प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर मीच छापतेय."

चिटणीसांनी थोडा विचार केला आणि पहिल्या रकान्यात 'होय'ची खूण केली. बाईंनी पेन घेऊन तळाशी तिसरा रकाना आखला : आईला फोन केला का?

"त्याला आठवी बैठक लागेल," चिटणीस म्हणाले, पण पत्रावर सही केली.

जाताना बाई दारात थांबल्या. "हा नंबर तू बंद करणार होतीस?"

"सोमवारी. आता नाही करत."

"मग आई, तू ते नाव तरी बदल," मुलगी म्हणाली. "केवढ्याने ओरडलीस."

बाईंनी मोबाइल पदराने पुसला. "राहू दे. नाव बदललं तर लगेच उचलायची सवय मोडेल."