ब्रेक दाबला होता की नाही

बहिणीची गाडी गॅरेजात ओढून आणली, तेव्हा मागची बाजू कागदाचा बोळा करावा तशी चेपली होती. पुढून मात्र साधा ओरखडा नव्हता, आणि तेच बघवत नव्हतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा तिचा थोरला भाऊ, ज्याला सगळे मीटरमास्तर म्हणत, गाडीभोवती दोनदा फिरला. मग शेजारी पत्रे ठोकणाऱ्या डेंटरला म्हणाला, "हिला कुणी हात लावायचा नाही."

सव्वा महिन्यापूर्वी मोठ्या रस्त्यावर पुढची वाहनं अचानक थांबली. बहिणीनेही गाडी थांबवली. मागचा ट्रक थांबला नाही. मागच्या सीटवर तिचा नवरा झोपला होता, तो झोपेतच गेला. लाल दिवा लागलाच नाही, असं ट्रकवाला गळ्याची शपथ घेऊन सांगत होता. विमा कंपनीच्या माणसाने गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन लावलं, तर नोंद निघाली की ब्रेकचं पेडल दाबलेलंच नाही.

मग गाडी थांबली कशी? याचं उत्तर सगळ्या नातेवाइकांकडे तयार होतं. बहीण चाळिशीत गाडी शिकली, तीही भावाकडून. घाबरली की तिचा पाय नाही, हात चालायचा, ती हँडब्रेक ओढायची. हँडब्रेकने मागचा दिवा लागत नाही. ही गंमत मास्तरनेच चारचौघांत मीठमसाला लावून कितीदा तरी सांगितली होती. आता तीच सासूने तिच्या तोंडावर फेकली. हँडब्रेक वर ओढलेला सापडलाही होता. तो हिने ओढला की मदतीला धावलेल्यांनी, हे कोण सांगणार?

बहीण आधी म्हणायची, "दादा, मी ब्रेक दाबला." मग म्हणू लागली, "दाबला असेन ना रे?" आणि गेल्या आठवड्यापासून, "मीच मारलं त्यांना." ती भावाकडेच राहायला आली होती. जेवायला बसली की घास हातातच राहायचा आणि टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशी दाबून बघायचा.

मास्तरने मागच्या दिव्यांच्या तुटक्या वायरीला एक बल्ब लटकवला, बॅटरी जोडली, स्कॅनर मांडीवर घेतला. पेडल दाबलं. बल्ब लागला, स्क्रीनवर 'दाबलं' आलं. सोडलं, विझला. शंभर वेळा दाबलं, शंभर वेळा लागला. फ्यूज पाहिला, वायरी ओढल्या, पिळल्या, शिव्याही दिल्या. सगळं चोख. एरवी खोकून घर डोक्यावर घेणारा रोगी डॉक्टरसमोर साधा खोकतही नाही, तशातली गत.

पेडलच्या वर बोटाएवढा स्विच असतो. पेडल जागेवर असलं की त्याची प्लास्टिकची दांडी आत दाबलेली राहते. पेडल खाली गेलं की दांडी बाहेर येते. मग एक जोडणी दिवा लावते आणि दुसरी कॉम्प्युटरला कळवते. दोघींचं जुळलं नाही तर डॅशबोर्डवर इशारा येतो. तसा एकही इशारा नोंदलेला नव्हता. म्हणजे स्विच खरं बोलत होता. म्हणजे आपली बहीण...

त्याने स्कॅनर बाजूला ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. भरदुपारी, पन्नाशी उलटलेला माणूस, हमसून हमसून. तासभर तसाच बसून राहिला असेल. मग उठावं म्हणून पायाला आधार शोधला, तर पाय पेडलवरच पडला.

बल्ब लागला नाही.

स्क्रीन म्हणत होती, 'दाबलेलं नाही'. त्याने पाय तसाच ठेवला, वाकून टॉर्च मारली. पेडल खाली होतं आणि दांडी आतच चिकटलेली होती. चार सेकंदांनी ती सावकाश बाहेर सरकली आणि दिवा लागला. शहरात पाय सारखा ब्रेकवर, दांडी मोकळी राहते. मोठ्या रस्त्यावर तासभर ब्रेक लागला नाही की ती चिकटून बसते. दोन्ही जोडण्या त्या एकाच दांडीवर, म्हणून दोघींनी मिळून एकच खोटं सांगितलं होतं.

"दाबला होता! पोरीने ब्रेक दाबला होता!" तो एवढ्याने ओरडला की डेंटरच्या हातातली हातोडी थांबली.

त्याने स्विच काढला. दांडीवर पिवळट, चिकट थर होता. त्याने तो बोटांत चोळला, आणि बोटांना कळलं. बाजारात न मिळणारं, त्याचं स्वतःचं मिश्रण केलेलं ग्रीस. चार महिन्यांपूर्वी पेडल कुरकुरतं म्हणून मेहुणाच गाडी घेऊन आला होता. "मास्तर, नवीन स्विच टाकायचा का?" त्याने विचारलं होतं. अशा स्विचला वंगण लावायचं नसतं, हे मास्तरला ठाऊक होतं. कंपन्या माल खपवायला असं सांगतात, असं तो म्हणायचा. "नवीन कशाला? माझ्या हातचं दहा वर्षं चालतं."

समोर पेट्रोलचा डबा होता, फडकं होतं. पुसलं असतं तर 'स्विच चिकटला' एवढंच राहिलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याने स्विच होता तसा कागदात गुंडाळून खिशात घातला.

घरी बहीण ओट्यापाशी भाजी निवडत होती.

"तू ब्रेक दाबला होतास," तो म्हणाला. "वेळेवर दाबला होतास. मी स्वतः तपासलंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग भाजीचे हात तसेच घेऊन त्याला मिठी मारली आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा आवाज काढून रडली. "दादा, मला वाटलं मी वेडी झाले. तू नसतास तर मी मेले असते रे."

हा क्षण त्याला तिथेच संपवता आला असता. पण तिने डोळे पुसत विचारलं, "मग दिवा का नाही लागला?"

त्याने कागद उघडला आणि सगळं सांगितलं. ग्रीस, मेहुण्याचा प्रश्न, आपलं उत्तर. "उद्या विमावाल्यांना लिहून देतो. तुझ्या सासूबाईंनाही मीच जाऊन सांगतो."

ती मागे सरकली. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

"माझी चूक होती तेव्हा रडायला तू तरी होतास," ती म्हणाली. "आता कुणाकडे जाऊ, दादा?"