पंख्यापुढची भीड

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पण छताला लटकून वारा घालणारा नव्हे. मी लहान विमानाच्या नाकावरचा लाकडी पंखा. पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून, दाबून, तासून मला घडवलं. कडांना पितळी पत्रा बसवला, वर वार्निशचे सात हात दिले. आमच्या फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये येणारे पाहुणे माझ्याशेजारी फोटो काढतात. कोणी माझ्यावर पिशवी अडकवतो, कोणी कोपर टेकवून पोट आत ओढतो. माझ्यामागे इंजिन आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

मामा मात्र ते कधी विसरत नाहीत. मामा म्हणजे आमचे मिस्त्री. वैमानिक त्यांचा जावई. तो 'मामा' म्हणतो, म्हणून सगळेच म्हणतात.

विमान रात्रभर उभं राहिलं की इंजिनातलं तेल खाली बसतं. म्हणून सुरू करण्याआधी मला हाताने चार फेरे द्यावे लागतात. ते मामांनी द्यावेत आणि आपण बघत राहावं! अंगठी खिशात, बाह्या वर. चाकांना पुढून-मागून ठोकळे. पायाखाली तेल सांडलेलं नाही ना, हे बूट घासून बघायचं. मग उघडे पंजे माझ्या पात्यावर टेकवायचे. बोटं कडेभोवती वळवायची नाहीत. ओढता ओढता एक पाऊल मागे घ्यायचं. इंजिन पेटवणारा ठिणगीचा स्विच बंद असला, तरी चालूच आहे असं धरून चालायचं.

आणि आत बसलेल्याला दोनदा विचारायचं. क्लबचे अध्यक्ष एकदा चिडले, "एकदा सांगितलं ना बंद आहे म्हणून! माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे साहेब, तुमच्या सवयीवर नाही. हात लावून बघा आणि सांगा."

लग्नाआधी जावयालाही असंच दोनदा विचारत. मुलगी त्याच्या घरी गेली आणि मामा एकदाच विचारू लागले. जावयाचा शब्द पडताळायचा कसा? साऱ्या शेडशी खडूस असलेला माणूस नेमका इथे मऊ पडला.

एका सकाळी जावईबापू घाईत होते. पलीकडच्या गावच्या दवाखान्यात औषधं पोहोचवायची होती.

"स्विच बंद?" मामांनी विचारलं.

"बंद, मामा!" नकाशावरून मान न उचलता उत्तर आलं.

स्विच चालू होता.

दुसऱ्या फेऱ्याला इंजिनात ठिणगी पडली आणि मी उसळलो. मित्रांनो, समोर कोण उभं आहे हे मला दिसत नाही, दिसलं तरी थांबता येत नाही. क्षणापूर्वी मामांचे हात होते, तिथूनच माझं पातं सपकन गेलं, पुन्हा गेलं. पण हात तिथे नव्हते. मागे घेतलेल्या पावलाने ते सोबत नेले होते. जावयासाठी प्रश्न ढिला पडला, पाऊल नाही. काय म्हणावं अशा माणसाला!

जावयाने धडपडत स्विच बंद केला आणि खाली उडी मारली. चेहरा पांढराफटक. "मामा, बोटं दाखवा."

मामांनी दोन्ही पंजे पुढे केले. त्याने एकेक बोट मोजलं. दहाच्या दहा.

"चुकलं माझं, मामा."

"चुकलंच. पण मीही तुम्हाला इथे पाहुण्यासारखं वागवलं. मानपान घरी. पंख्यापुढे तुम्ही फक्त स्विचपाशी बसलेला माणूस."

"घरी सांगू नका."

"सांगणार तर! तुमच्या सासूबाईंना सगळ्यांत आधी."

औषधं अर्धा तास उशिरा गेली, पण गेली.

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहाल तेव्हा मला झोपलेला समजू नका आणि आपल्या माणसाला पुन्हा विचारायची भीड धरू नका. मामांनी ती त्याच दिवशी सोडली. इतरांना ते अजूनही दोनदाच विचारतात. जावयाला तीनदा. घरचा माणूस, म्हणून एकदा जास्त.