शिंगावरचा उडालेला रंग

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे आणि माझ्या एका शिंगावरचा रंग पार उडालेला आहे. शिंग म्हणजे माझ्या अंगाचे वरचे टोक, जे वाजवणाऱ्याच्या छातीसमोर पुढे येते. बाकी माझे ठीक चालले आहे. चार खुंट्या, चार जाड तारा आणि एक लांब मान, सगळे जागच्या जागी आहे. पण मला पाहायला येणारा प्रत्येक जण आधी त्या उघड्या लाकडावर बोट ठेवतो आणि विचारतो, की ही कधी पडली होती का? मी पडले नव्हते. ती जागा कशाने झिजली, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंग हलक्या लाकडाचे, मान कठीण लाकडाची आणि तारांच्या ओढीने ती वाकू नये म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई. शेजारच्या टेबलावर साध्या गिटारी तयार होत होत्या. त्यांचा तोरा मी तेव्हापासून पाहते आहे. गाणे ऐकताना लोकांना गाणारा ऐकू येतो, गिटार ऐकू येते, ड्रम तर शेजारच्या गल्लीलाही ऐकू येतात. मी कुणाच्या खिजगणतीतही नसते. मी थांबले की मात्र सगळे चमकून इकडेतिकडे बघतात, कारण गाण्याच्या पायाखालची जमीनच गेलेली असते. याला कौतुक म्हणावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कारखान्यातून मी वाद्यांच्या एका दुकानात आले. तिथल्या मालकीणबाई मोठ्या करड्या होत्या. गिऱ्हाईक काय मागते याकडे त्या फारसे लक्ष देत नसत. त्याला काय लागते ते त्याच्या हातात ठेवत. एके दिवशी तिथे माझा मालक आला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे काम करत असे. मी त्याला अरेतुरे करते, याचे नवल वाटून घेऊ नका. इतकी वर्षे त्याच्या छातीशी काढल्यावर एवढा हक्क मला आहे.

त्याने आणि त्याच्या शाळेपासूनच्या दोन मित्रांनी बँड काढायचा चंग बांधला होता. कोणी काय वाजवायचे हे ठरवायला तिघे जमणार होते. त्यातल्या दातांच्या डॉक्टरने गिटार आणि गाणे दोन्ही पटकावले, बेकरीवाल्याने ड्रम घेतले आणि चष्मेवाला उशिरा पोहोचला, म्हणून उरलेली बास त्याच्या गळ्यात पडली. बास वाजवणारे बहुतेक असेच घडतात.

दुकानात शिरल्या शिरल्या त्याला एका काळ्या, चकचकीत, पाच तारांच्या बासची भुरळ पडली. बाईंनी ती त्याच्या गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "आता दोन्ही हात सोडा." त्याने हात सोडले, तशी तिची मान दाणकन खाली गेली आणि कोपऱ्यातले स्टूल आडवे झाले.

"हिची मान सावरत बसणार, की गाणं वाजवणार?" बाईंनी विचारले आणि मला भिंतीवरून काढले. त्याने हात सोडले. मी जिथल्या तिथे राहिले. बाईंनी मला रुंद चामडी पट्टा लावला, म्हणजे खांद्याला रग लागू नये. त्याची नजर गिटारच्या एका देखण्या अँपवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर होती, तर त्यांनी सरळ सांगितले की त्यात बास घातली तर त्याचा स्पीकर फाटेल. लहान घ्या, पण बासचाच घ्या. पायाने दाबून आवाज बदलायची ती रंगीत यंत्रे तर त्यांनी त्याला दाखवलीसुद्धा नाहीत. आधी सूर जुळवायचा ट्यूनर घ्या, बाकीचे हौसेचे पुढे बघू, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांनी काउंटरवर एक छोटी डबी ठेवली. तिच्यात कानात घालायचे रबरी बोळे होते.

"ड्रमजवळ उभे राहाल तेव्हा हे लागतील," त्या म्हणाल्या.

माझा मालक खो खो हसला. "कानात बोळे घालून गाणं कोण वाजवतं, बाई?"

बाईंनी खांदे उडवले आणि डबी परत आत ठेवली. त्या वेळी मलाही हसूच आले होते.

मालकाचे घर दोन खोल्यांचे होते. बायको होती, पाळण्यात नुकती जन्मलेली लेक होती. संध्याकाळी तो कामावरून यायचा, तेव्हा लेकीचा डोळा लागलेला असे. अँप लावायची सोय नव्हती. बिनअँपची मी म्हणजे कुजबुज. वाजवणाऱ्यालासुद्धा धड ऐकू येत नाही. मग एकदा त्याने मान वाकवली आणि हनुवटी माझ्या शिंगावर टेकली. तारेची थरथर लाकडातून त्याच्या हाडात गेली आणि हाडातून थेट कानात. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सगळे घर शांत, पाळण्यात लेक गाढ झोपलेली आणि त्याच्या डोक्यात मात्र अख्खा बँड. त्या दिवसापासून रोजची संध्याकाळ अशीच जाऊ लागली. बायको म्हणे, "गिटारवर डोकं ठेवून झोपायचंच असेल, तर उशी काय वाईट?" तो मान न उचलता हसत असे.

ते दिवस आठवले की अजूनही माझ्या तारा सैल पडतात.

बँडचा सराव बेकरीच्या माळ्यावर चाले. चारी बाजूंनी मैद्याची पोती रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नसे. माझ्या खुंट्यांत मात्र इतका मैदा जाई की त्या फिरवताना पीठ गळे. पहिला कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. मालकाने घरी माझा आवाज अगदी भरदार, मऊ लावून ठेवला होता. सभागृहात तो आवाज कुठे विरघळून गेला, कुणाला कळले नाही. तो आवाज वाढवत गेला, खिडक्यांची तावदाने थरथरली, पण सूर कानी पडेना. शेवटी डॉक्टरने येऊन अँपवरचे मधल्या सुरांचे बटण थोडे वर केले. त्याबरोबर मी ऐकू येऊ लागले. मऊपणा घरच्यासाठी असतो मित्रांनो, चारचौघांत थोडा कणखरपणा लागतो.

बास आणि ड्रम यांचे पाऊल एक पडावे लागते. म्हणून माझा मालक नेहमी बेकरीवाल्याच्या मोठा ड्रम वाजवणाऱ्या उजव्या पायाकडे बघत, त्याला चिकटून उभा राहायचा. त्याचा डावा कान आणि बेकरीवाल्याची मोठी पितळी झांज यांच्यात हातभर अंतर असे. बेकरीवाला कणीक तिंबायचा तसाच झांज बडवायचा. कार्यक्रम झाला की मालकाच्या कानात शिट्टी वाजत राही. सकाळपर्यंत ती जाई. कितीतरी वर्षे ती सकाळपर्यंत जात होती.

मग एक वेगळेच प्रकरण सुरू झाले. माझा आवाज बसला आहे, असे मालकाला वाटू लागले. खापर आधी तारांवर फुटले. जुन्या तारा पाण्यात उकळल्या की त्यांतला मळ जातो आणि त्या काही दिवस खणखणीत वाजतात, अशी बासवाल्यांची जुनी युक्ती आहे. त्याने बायकोच्या दुधाच्या पातेल्यात माझ्या तारा उकळल्या. तिने झाकण उघडून बघितले आणि कपाळाला हात लावला. "आज जेवायला तारा आहेत वाटतं," एवढेच म्हणाली आणि ते पातेले तिने कायमचे त्याला देऊन टाकले.

तरी त्याचे समाधान होईना. त्याने नव्या तारा आणल्या, मग त्याहून महाग तारा आणल्या. वायर बदलली. तारांची थरथर पकडणारे त्यांच्या खालचे चुंबक बदलून घेतले. बाईंनी कधी न दाखवलेली ती रंगीत यंत्रे दुसऱ्या दुकानातून आणून जमिनीवर ओळीने मांडली. शेवटी कपाटाएवढा अँप आला. मी आतून ओरडत होते की अरे, माझा आवाज जसाच्या तसा आहे. पण आमचे कोण ऐकतो?

लेक तोवर मोठी झाली होती. एका दुपारी तो नव्या अँपवर मला वाजवत होता, अगदी टोकदार आवाज लावून. लेक खोलीत आली आणि तिने दोन्ही कान दाबून धरले.

"बाबा, कमी कर ना जरा. केवढं टोचतंय ते."

"टोचतंय?" तो म्हणाला. "मला तर गोधडीखालून वाजल्यासारखं येतंय."

तो तिच्या कानांवरच्या हातांकडे बघत राहिला. आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. चष्म्याच्या दुकानात येणारे वयस्कर गिऱ्हाईक हमखास तक्रार करायचे, की हल्ली वर्तमानपत्रवाले अक्षर फार बारीक छापतात. घरी आल्यावर मालक त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. त्या दुपारी तो हळूच खुर्चीवर बसला.

"म्हणजे छपाई बारीक झालेली नाही," तो म्हणाला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले की गेले ते आता परत येणार नाही. उरले आहे तेवढे सांभाळा. कानाला यंत्र बसले. माणसांचे बोलणे त्यातून कळे, पण गाणे मात्र पत्र्यावर खडे ओतावेत तसे ऐकू येई. मालकाने माझ्या तारा पुसल्या, मला पातळ कापडी पिशवीत घातले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटावर ठेवून दिले. दोघे मित्र बोलवायला आले, तेव्हा त्याने त्यांना वाटेला लावले. "मी चुकतोय की नाही, ते मला कळणार नाही," तो म्हणाला. "आणि तुम्ही मला सांभाळून घ्याल. ते मला नको."

कपाटावरचे दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. खालून भांड्यांची वाफ वर येई, उन्हाळ्यात छत तापे. माझी मान हळूहळू वाकली, तारांना गंज चढला. पण खरे सांगते, मानेपेक्षा मला संध्याकाळच जड जाई. तो यायचा, कपाटाखालून जायचा आणि वर बघायचा नाही.

मग बातमी आली की बेकरीवाला बेकरी बंद करतो आहे. गुडघे थकले होते. माळा रिकामा करण्याआधी तिघांनी तिथे एकदा शेवटचे वाजवावे, अशी त्याची इच्छा होती. मालकाने मान हलवून नकार दिला. बेकरीवाला एवढा धिप्पाड गडी, पण जिना उतरताना दोनदा थांबला. ते लेकीने पाहिले. तिने दुसऱ्याच दिवशी मला खाली काढले आणि त्याच दुकानात नेले.

मालकीणबाई आता काठी घेऊन चालत होत्या, पण करडेपणा तसाच होता. माझ्या मानेतली सळई त्यांनी किंचित फिरवली आणि थांबल्या. एकदम पिळायचे नसते, म्हणाल्या; थोडे फिरवायचे आणि लाकडाला सवड द्यायची. काही दिवसांत माझी मान सरळ झाली. बाईंनी उघड्या शिंगावर बोट ठेवून विचारले, इथे रंग लावून देऊ का?

"नको," लेक म्हणाली. "ती बाबाच्या हनुवटीची जागा आहे. मी झोपलेली असायचे ना, तेव्हा तो असं टेकून..."

मग तिने मला घाईघाईने पिशवीत भरले. निघताना बाईंनी काउंटरवर एक छोटी डबी ठेवली. लेकीने एक नाही, तीन घेतल्या.

घरी मालक खिडकीशी बसला होता. लेकीने मला मांडीवर घेतले. तिला वाजवता काहीच येत नव्हते. तिने कानाचे यंत्र काढायला लावले आणि म्हणाली, "बाबा, इकडे ये. हनुवटी टेक."

"कशाला उगीच," तो म्हणाला.

"टेक तर."

तो वाकला. हनुवटी आपोआप आपल्या जागी आली. इतक्या वर्षांत ती ना तो विसरला होता, ना मी. लेकीने सगळ्यात जाड तार छेडली. मी होता नव्हता तेवढा जीव त्या एका सुरात घातला. त्याने डोळे मिटले. वरचे बारीक सूर त्याला आता कधीच ऐकू येणार नव्हते, पण हा खालचा, माझा, लाकडातून आणि हाडातून जसाच्या तसा पोहोचला. तो इतका रडला की चष्मा घसरून माझ्या अंगावर पडला. लेक तार छेडतच राहिली. मग त्याचा डावा हात माझ्या मानेवर आला.

माळ्यावरच्या त्या शेवटच्या संध्याकाळी पोती नव्हती, म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. मालकाने आधी दोघांच्या हातात एकेक डबी ठेवली. बेकरीवाल्याने नाक मुरडले. पण मालकाने त्याच्याकडे नुसते बघितले, तसे त्याने मुकाट्याने बोळे घातले. झांज आता दुसऱ्या बाजूला होती. माझा मालक हनुवटी शिंगावर टेकून, बेकरीवाल्याच्या पायाकडे बघत वाजवत राहिला. लांबून बघणाऱ्याला वाटले असते की म्हाताऱ्याला डुलकी लागली आहे.

गाणे संपल्यावर त्याने यंत्र लावले आणि डॉक्टरला विचारले, "चुकलो का? खरं सांग."

"चुकलास की," डॉक्टर म्हणाला. "दुसऱ्या कडव्यात घसरलास."

मालकाचा जीव भांड्यात पडला. "मग परत घेऊ या," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी लेकीच्या खोलीत भिंतीवर असते; ऊन आणि ओल लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नाही, आतल्या. वाजवून झाले की ती माझ्या तारा कोरड्या फडक्याने पुसते. संध्याकाळी मालक येतो आणि हनुवटी टेकतो. तुम्ही कधी माझ्यासारखी बास घ्यायला गेलात, तर आधी पट्टा लावून दोन्ही हात सोडून बघा. रंगाला भुलू नका. मान वाकली तर घाई करू नका. आणि दुकानदाराने काउंटरवर एखादी छोटी डबी ठेवली, तर हसू नका, खिशात घाला. माझ्या तारा बदलून मिळतात, वायर मिळते, हवे तर मानसुद्धा नवी बसवता येते. तुमच्या कानांचे तसे नाही.