लाल बटण कोरंच राहिलं

दुतोंडी माणसाला लोक नावं ठेवतात. मला तर तीन तोंडं आहेत, मित्रांनो! मी लोकांना त्यांचं मत विचारणारा एक जुना खांब आहे. लोखंडी दांड्यावर पाटी आणि पाटीवर तीन बटणं: हिरवं हसरं, पिवळं गप्प आणि लाल रडकं. सध्या माझा मुक्काम समाजसेवा केंद्राच्या अडगळीच्या खोलीत आहे. तुटक्या खुर्च्या आणि गळक्या बादल्या हे माझे शेजारी.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझं लाल बटण जरा जास्तच वेळ दाबून पाहिलं होतं. "हे नीट चाललं पाहिजे. खरं कामाचं हेच," असं त्या म्हणाल्या. केवढा फुगलो होतो मी! मूर्खच होतो.

केंद्रात मला अर्ज घेण्याच्या खिडकीसमोर उभं केलं. साहेबांनी सगळ्यांना समजावलं, "जाताना एक बटण दाबायचं. किती हसरे, किती रडके, ते वर मुख्य कार्यालयात कळेल. जिथे लोक दुःखी, तिथे मदत वाढवू." ऐकायला किती छान! मला वाटलं, आता लोकांचं दुःख माझ्या तोंडून थेट वर पोचणार.

आता गंमत ऐका. मी खिडकीवरच्या ताईच्या अगदी नाकासमोर. तिच्यादेखत लाल बटण कोण दाबणार? "पुन्हा हिच्याकडेच यायचंय," असं पुटपुटत लोक हिरवं दाबायचे. ज्यांचं काम होत नसे ते तणतणत निघून जायचे, माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. आणि लहान मुलं! हिरवं दाबलं की टुण असा आवाज यायचा, म्हणून ती हिरव्यावर तुटून पडायची. आई रांगेत डोळे पुसत असायची आणि पोरगं माझ्याकडे तिचं समाधान नोंदवत असायचं.

पण मला सांगायचंय ते काकूंबद्दल. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. केंद्राने त्यांना हवेची गादी वापरायला दिली होती. केंद्राची नर्सबाई आठवड्यातून एकदा घरी जाऊन जखम धुवायची, पट्टी बदलायची. पण जखम थोडीच आठवडाभर थांबते? नर्सबाई दिवसाआड यावी, एवढंच मागायला काकू यायच्या.

"काकू, सगळ्या भागाला एकच नर्स आहे हो. मी तरी काय करू?" ताई म्हणायची आणि त्यांना पाणी द्यायची. ताई मनाने चांगली होती. तिथेच घात झाला.

काकूंचं बोट लाल बटणापर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. एकदा दारातले शिपाईमामा म्हणाले, "दाबा की लाल! रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"अहो, ते लेकराला," काकू म्हणाल्या. "या वयात मी कोणापुढे रडू? आणि पोरीने पाणी दिलंय मला. उगाच तिच्या नोकरीवर यायचं." हिरवं दाबून त्या गेल्या. दर खेपेला हेच.

आकडे साठत गेले आणि आमचा भाग सगळ्यात सुखी निघाला. साहेबांना मानाची ढाल मिळाली. मला ओल्या फडक्याने पुसून माझा फोटो काढला. मग मुख्य कार्यालयातून आकडे तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांना शंका आली होती, हे खरं. "इतके कमी रडके? लाल बटण बिघडलंय का?" असं म्हणत त्यांनी ते दाबलं. दिवा लागला. "चालतंय की!" म्हणाल्या आणि निघाल्या. समोरच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती, त्यांत काकूही होत्या. बाईंनी मला तपासलं, बाकाला काही विचारलं नाही. मला तोंडं तीन, पण हाक मारायला एकाचाही उपयोग नव्हता.

थोड्याच दिवसांत हुकूम आला. सुखी भागाला नर्स कशाला? तिला दुसऱ्या भागात पाठवलं. तिथले लोक म्हणे फार रडके होते.

"असं कसं गं?" काकूंनी विचारलं.

"इथे सगळे हिरवंच दाबतात ना, काकू," ताई खाली बघत म्हणाली.

त्या दिवशी काकूंनी कुठलंच बटण दाबलं नाही. पुढे इथे मोजण्यासारखं काही उरलं नाही म्हणून माझी वायरही काढली. मला न्यायला येणार होते, ते कोणी आलंच नाही.

मग एका सकाळी काकू आल्या. काखेत ती हवेची गादी होती, हवा काढून घडी केलेली. त्यांनी ती खिडकीत ठेवली. "धुऊन आणलीय," एवढंच म्हणाल्या. ताईने न विचारताच वहीतलं यजमानांचं नाव खोडलं. विचारायचं काय राहिलं होतं?

काकू वळून माझ्यासमोर आल्या. या वेळी बोट सरळ लाल बटणावर गेलं. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, अंगठ्याने, सगळा जोर लावून. माझा जीव तुटत होता, पण अंगात वीजच नाही तर रडणार कसा?

"लागलं का गं हे?" काकूंनी विचारलं. "बंद तर नाही ना?"

ताईने माझी लोंबणारी वायर पाहिली. मग काकूंकडे पाहिलं.

"लागलं, काकू," ती म्हणाली. "वर पोचलं."

काकूंनी मान हलवली आणि त्या गेल्या.

मित्रांनो, बोटं लागून लागून माझं हिरवं तोंड पुसलं गेलंय. त्याला आता ना डोळे, ना ओठ. लाल मात्र कालच दुकानातून आणल्यासारखं कोरं आहे. मला पुसून नीट ठेवा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखी पुष्कळ यंत्रं बनवाल, आकडे जुळवाल. जरूर जुळवा. पण कोणी हसरं तोंड दाबून गेलं, तर त्याच्या मागे चार पावलं जा आणि विचारा, "घरी कसं आहे?" त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. काकूंचं घर केंद्राच्या मागच्याच गल्लीत होतं.