थोरलीचं पोलकं

आषाढात आलेल्या पत्राला एकनाथने अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि आता नवरात्र तोंडावर आलं होतं. पत्र त्याने पडवीच्या वाशाला खोचून ठेवलं होतं. जेवायला बसलं की नेमकी नजर तिकडे जायची आणि घास तोंडात फिरत राहायचा.

पत्र कसलं, उघडं कार्डच. केळवे-माहीमच्या आनंदीबाईंनी ते मुलाकडून, जगन्नाथकडून, लिहवून घेतलं होतं. मुलगी पसंत आहे, मार्गशीर्षात लग्न उरकू. मात्र पोलकं छातीत आणि दंडात दोन बोटं कमी पडतं, तरी मुलीने तोवर रात्रीचं जेवण सोडावं, दुपारी मूठभर भात घ्यावा आणि दर सोमवारी पोलकं अंगात घालून बघावं. कितपत आलं ते कळवीत जावं. पोलकं उसवू नये, रेशीम जुनं आहे.

आपल्या लेकीच्या छातीचा हिशेब असा पोस्टातून गावोगाव फिरून आला होता. पोस्टमनने कार्ड देताना मान खाली घातली, त्यावरून त्याने ते वाचलंय हे एकनाथला कळलं. आगाशीच्या पोस्टात आणखी कोणी कोणी वाचलं असेल, या विचाराने त्या दिवशी त्याला आपल्या वाटार गावच्या रस्त्यावरून चालणं नको झालं.

बघायला ती मंडळी ज्येष्ठात आली होती. जगन्नाथ, त्याची आई आणि धाकटी भावजय मंदा. जगन्नाथची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. पानमळा मोठा, घर खाऊनपिऊन सुखी, मूलबाळ नाही. सावित्रीला सव्विसावं लागलेलं, आई नाही, आधीची दोन स्थळं हातची गेलेली. बिजवर तर बिजवर, असं म्हणून एकनाथने होकाराची तयारी ठेवली होती.

चहापाणी झाल्यावर आनंदीबाईंनी आपल्या गाठोड्यातून ते पोलकं काढलं. जांभळं, जरीच्या बुट्ट्यांचं.

"आमच्या गेलेल्या थोरल्या सुनेचं, लग्नातलं," त्या म्हणाल्या. "लढाई संपली म्हणतात, पण कापड अजून कंट्रोलातच. असलं रेशीम आता डोळ्यांना तरी दिसतं का? पेटीभर पडलंय. जिला बसेल ती सून आणायची, असं मी ठरवूनच निघालेय."

बायका माजघरात गेल्या. ओटीवर एकनाथ आणि जगन्नाथ उरले. मधे कुडाची भिंत. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पदर काढ गो. इथे कोण बाप्या बसलाय? हां. आता श्वास सोड."

"सोडलाय," सावित्रीचा आवाज आला.

"सगळा सोड. हे काय, वारा भरलाय की काय? मंदा, काखेत धर आणि ओढ."

"आई, टाका जाईल."

"जाईल तर तू घालशील. फुकट का भरते तुझं पोट?" मग चापटी मारल्यासारखा आवाज झाला. "हे बघ, हे सगळं फाजील मांस. थोरलीला कसं बसायचं, केळीच्या गाभ्याला सोपट बसावं तसं. आजकालच्या पोरी नुसत्या आडव्या वाढतात."

जगन्नाथने शांतपणे दुसरं केळं सोललं.

"वेलची केळ चांगली धरलीय तुमच्याकडे," तो म्हणाला. "आमच्या मातीत एवढी गोडी येत नाही."

एकनाथला वाटलं, उठावं, दाराला लाथ घालावी. त्याने केळ्यांची फणी पुढे सरकवली. "आणखी घ्या ना," असं आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून त्याला स्वतःची शिसारी आली.

तोंडाला पाणी लावावं म्हणून तो मागीलदारी गेला, तर तिथे मंदा उभी. बायका आत असताना ती केव्हा सटकली कोण जाणे. चुलीजवळचा भाताचा टोप तिने उंबऱ्यावर घेतला होता आणि कोरडा भात मुठीमुठीने तोंडात कोंबत होती. त्याला पाहून ती चावायची थांबली. एकनाथने तोंड फिरवलं. खादाड दिसते, असं त्याच्या मनात आलं.

जाताना आनंदीबाईंनी पोलकं मुद्दाम मागे ठेवलं. "घालून बघत जा," त्या सावित्रीला म्हणाल्या. "अंग कापडाला शिकतं."

तेव्हापासून ते माजघरातल्या खुंटीला होतं. डांबराच्या गोळ्या, शिळा घाम आणि कोंदट रेशीम यांचा एक वास घरभर झाला होता. काखेत पिवळे डाग होते, वाळून कडक झालेले. कोणा मेलेल्या बाईचा घाम आपल्या लेकीच्या अंगाला लागतो आहे हे मनात आलं की एकनाथ उठून अंगणात जायचा. पण उत्तर काय द्यायचं ते त्याला सुचेना. नाही म्हणावं, तर चौथं स्थळ कुठून येणार? हो म्हणायला हात धजेना. कार्ड वाशालाच राहिलं.

आपण गप्प बसलो म्हणजे काहीच झालं नाही, असं तो धरून चालला होता. सावित्रीने त्याचा अर्थ होकार असाच घेतला. श्रावणात तिने रात्रीचं पान मांडणं बंद केलं. "उपास आहे," म्हणाली. श्रावण सरला, उपास सरला नाही. दुपारी अर्धी भाकरी परत टोपलीत जायची. एकदा विहिरीवर कळशी उचलताना ती मटकन खाली बसली, आणि सोमवारी माजघराचं दार लावलेलं त्याला दिसायचं. बाहेर आली की दंडावर लाल वळ.

पाऊस उघडला तशी एकनाथने गोधड्या, कपडे उन्हात घातले. पोलक्याला हात लावायची किळस म्हणून त्याने ते काठीनेच उचललं आणि वास जावा म्हणून उलटं करून दोरीवर टाकलं. टाकलं आणि बघत राहिला.

"सावित्री, इकडे ये जरा. हे काय आहे?"

शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड होतं. आणि त्या कापडावर, शिवणीपासून बाहेरच्या बाजूला, सुईच्या भोकांच्या तीन ओळी. एकीच्या पलीकडे दुसरी, दुसरीच्या पलीकडे तिसरी.

सावित्रीने कापड नखाने उलगडलं. "तीनदा आत घेतलंय. आधी इथे शिवण होती, मग इथे, मग इथे."

"शिंप्याने?"

"शिंपी इतके जवळ टाके घालत नाही. हे घरात बसून घातलेत. थोरलीनेच घातले असणार."

मग ती आत गेली आणि आपलं रोजचं पोलकं घेऊन आली, गेल्या दिवाळीत शिवलेलं. अंगणातल्या पाटावर जांभळ्या पोलक्याची सगळ्यात बाहेरची भोकं जुळवून तिने ते पसरलं आणि वर आपलं ठेवलं. काखेला काख लागली, दंडाला दंड. कुठे बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

"बाबा," ती म्हणाली, "त्या घरात आली तेव्हा ती माझ्याएवढीच होती."

एकनाथला मागीलदारचा भाताचा टोप आठवला. मंदाचे फुगलेले गाल आठवले, आणि आपण फिरवलेलं तोंड. तो शेजारच्या आळ्यात थुंकला.

"तू मला आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, तुमचं ठरलंय." तिने दोरीवरच्या गोधडीची घडी नीट केली. "मला तरी कुठे दुसरं दार उघडं आहे?"

"हे आहे की," एकनाथ म्हणाला. "ह्या घराचं दार काय मोडलंय? भाकऱ्या टाक. दोघांच्या. पोटभर."

तिने किती खाल्लं ते तो बघत नसल्याचं दाखवत बघत होता. दुसरी भाकरी संपली तेव्हा तो उठला आणि वाशातलं कार्ड काढून चुलीत घातलं.

संध्याकाळपर्यंत सावित्रीने पोलक्याचे सगळे आतले टाके उसवले आणि सगळ्यात बाहेरच्या, मूळच्या ओळीवर नवी शिवण घातली, भोकात भोक धरून. मग ते जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून कडा शिवून टाकल्या. पत्ता एकनाथने लिहिला.

दुसऱ्या दिवशी तो आगाशीच्या पोस्टात गेला. पार्सल दिलं, पत्रही लिहायचंय म्हणाला. पोस्टमन तिथेच टपाल लावत बसला होता. "पाकीट देऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"नको, कार्डच द्या."

खिडकीवरच्या दौतीत टाक बुडवून एकनाथने उभ्यानेच लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

'आनंदीबाई यांस. पोलकं मूळच्या मापावर आणून परत पाठवलं आहे. त्या मापात ते माझ्या मुलीला अगदी बरोबर बसतं. म्हणून ती तुमच्या घरी येणार नाही. मंदाला रात्रीचं जेवायला घालत जा.'

शाई वाळेपर्यंत त्याने कार्ड हातात धरलं. मग ते पेटीत न टाकता, लिहिलेली बाजू वर करून, पोस्टमनच्या समोर ठेवलं.

"हे आजच्या टपालात जाऊ दे," तो म्हणाला. "आणि वाचायचं तर वाचा."

पोस्टमनने वाचलं. या खेपेला त्याने मान खाली घातली नाही. शिक्का उचलला, शाईत दाबला आणि कार्डावर ठोकला.